‘आँ?’ म्हणायची सोय

काका आजारी होते तेव्हाची गोष्ट. ताईचा मेसेज आला : ‘तू काकांना भेटायला गेला नाहीस का’. एवढंच. मागे ‘रे’ नाही, पुढे ‘अरे’ नाही, प्रश्नचिन्हसुद्धा नाही.

वाचलं आणि मला लागलंच. ताई जाब विचारतेय असं वाटलं. मी दहा-बारा ओळी लिहून पाठवल्या : काम किती आहे, रजा का मिळाली नाही, मला काय त्यांची काळजी नाही का वगैरे. तिकडून ‘राहू दे’ आलं. मग तीन दिवस दोघंही गप्प. चौथ्या दिवशी तिचा फोन आला आणि अर्ध्या मिनिटात उलगडा झाला. मी भेटून आलो असेन असं तिला वाटत होतं, आणि काकांची तब्येत कशी आहे ते तिला माझ्याकडून ऐकायचं होतं. माझं लांबलचक उत्तर वाचून ती चक्रावली होती. साधं विचारलं तर हा एवढा का भडकला, हे तिला कळेना.

ते वाक्य मोठ्याने म्हणून बघा. ‘नाहीस’वर आवाज किंचित चढवला आणि ‘का’ हलकेच सोडून दिलं, तर ती नुसती चौकशी. ‘का’वर जोर देऊन तिथेच थांबलं, तर तो जाब. शब्द तेच, क्रमही तोच. ताईने प्रश्नचिन्ह टाकलं असतं तरी फरक पडला नसता, कारण चौकशीलाही प्रश्नचिन्ह लागतं आणि जाबालाही.

असं काही घडलं की आपण म्हणतो, लिहिण्यात आवाज नसतो, चेहरा दिसत नाही, म्हणून गैरसमज होतात. ते खरं आहे, पण अर्धंच. माझ्या मते लिहिताना आपण त्याहून मोठी गोष्ट गमावतो आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. ती म्हणजे मध्येच ‘आँ?’ म्हणायची सोय.

त्याआधी एका आकड्याचा निकाल लावू. संवादातले फक्त ७ टक्के शब्द असतात, ३८ टक्के आवाज आणि ५५ टक्के हावभाव, हे तुम्ही कुठल्या ना कुठल्या भाषणात ऐकलं असेल. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ सालच्या दोन छोट्या प्रयोगांतून आले. त्यांतल्या एका प्रयोगात ‘मे बी’, म्हणजे ‘कदाचित’, एवढा एकच शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवला आणि वेगवेगळ्या चेहऱ्यांच्या फोटोंबरोबर दाखवला. प्रश्न असा होता, की बोलणाऱ्याला समोरचा माणूस आवडतो की नाही हे ऐकणारा कशावरून ठरवतो. म्हणजे भावना ओळखायची आहे आणि शब्द एक सांगतोय, सूर दुसरं, अशा अडचणीपुरते ते आकडे आहेत. सगळ्या बोलण्याला ते लागू होत नाहीत, असं खुद्द मेहराबियन यांनीच स्पष्ट केलेलं आहे. आणि साधा विचार केला तरी ते पटतं. शब्द सातच टक्के असते तर अनोळखी भाषेतलं भाषणही आपल्याला बहुतेक सगळं कळलं असतं.

आता मुद्द्याकडे येतो. दोन माणसं समोरासमोर बोलतात तेव्हा एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत किती वेळ जातो? २००९ साली संशोधकांनी दहा वेगवेगळ्या भाषांतली संभाषणं तपासली. त्यांत जपानी होती, डॅनिश होती, कोरियन होती, लाओ होती आणि अगदी थोडे लोक बोलतात अशाही भाषा होत्या. हो-नाहीच्या प्रश्नांना उत्तर यायला सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागतो असं दिसलं. सेकंदाचा पाचवा भाग. भाषांमध्ये फरक होता, पण तोही सेकंदाच्या अंशांमधलाच.

यातली गंमत अशी, की एखाद्या वस्तूचं चित्र बघून तिचं नाव तोंडातून बाहेर पडायलाच मेंदूला ६०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. म्हणजे समोरच्याचं वाक्य संपल्यावर आपण उत्तर जुळवायला बसलो, तर कधीच वेळेत बोलू शकणार नाही. आपण त्याचं वाक्य चालू असतानाच ते कुठे संपणार याचा अंदाज बांधतो आणि आपलं उत्तर तयार ठेवतो. ऐकणं आणि बोलायची तयारी ही दोन्ही कामं एकाच वेळी चालतात.

एवढ्या घाईत चुका होणारच, आणि त्या भरपूर होतात. बारा भाषांतल्या घरगुती संभाषणांचा २०१५ साली अभ्यास झाला. सरासरी दर १.४ मिनिटाला कुणीतरी बोलणं थांबवून ‘काय म्हणालास?’ या अर्थाचं काहीतरी विचारतं असं त्यात आढळलं. म्हणजे वीस मिनिटांच्या गप्पांमध्ये चौदा वेळा! आपल्या ते लक्षातही राहत नाही, कारण ही डागडुजी एक-दोन सेकंदांत उरकते आणि गप्पा पुढे जातात.

त्या डागडुजीचं सगळ्यात लहान हत्यार म्हणजे ‘आँ?’. मार्क डिंगेमान्स आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवलं, की एकमेकींशी काहीही नातं नसलेल्या भाषांमध्येही हा शब्द जवळजवळ सारखाच आहे. तोंड फारसं हलवावं लागत नाही, जीभ जिथल्या तिथे, एक छोटा स्वर आणि प्रश्नाचा सूर. इंग्रजीत ‘हं?’, आपल्याकडे ‘आँ?’. भाषा बदलल्या की शब्द बदलतात हा सर्वसाधारण नियम, पण इथे सगळ्यांना एकच गरज होती : कमीत कमी वेळात, कमीत कमी कष्टात समोरच्याला थांबवायचं. त्यामुळे सगळे फिरून फिरून एकाच आवाजापाशी आले. या कामाला २०१५ साली इग नोबेल मिळालं. ते पारितोषिक आधी हसवतं आणि मग विचार करायला लावतं. मला तर या शोधाबद्दल मनापासून आदर वाटतो. ज्याला आपण शब्द म्हणूनही मोजत नाही, त्यावर बोलण्याचा सगळा डोलारा उभा आहे.

आणि आपण नेहमी नुसतं ‘आँ?’ म्हणत नाही. काहीच ऐकू आलं नसेल तर ‘आँ?’. बाकी कळलं पण नाव निसटलं, तर ‘कोण?’. बहुतेक कळलं पण खात्री नाही, तर ‘म्हणजे शनिवारी?’. जितकं नेमकं विचारता येईल तितकं आपण विचारतो, म्हणजे समोरच्याला सगळं पुन्हा सांगावं लागत नाही. हा सौजन्याचा नियम कुठल्या शाळेत शिकवत नाहीत, तरी बाराही भाषांमध्ये लोक तो पाळताना दिसले.

आता हेच सगळं मेसेजमध्ये आणून बघा. पहिली अडचण म्हणजे ‘आँ?’ महाग होतं. टाइप करा, पाठवा, समोरचा कधी बघेल त्याची वाट बघा. उत्तर येईपर्यंत विषय कुठल्या कुठे गेलेला असतो. तेवढ्यासाठी कोण विचारत बसणार? आपण अंदाज करतो आणि पुढे जातो.

दुसरी अडचण जास्त वाईट. आपल्याला काही कळलं नाही हेच मुळात कळत नाही. समोरासमोर ताईने माझ्या भुवया आक्रसलेल्या पाहिल्या असत्या आणि ती म्हणाली असती, ‘अरे, नुसतं विचारतेय.’ मी तोंड उघडण्याच्या आत दुरुस्ती झाली असती. मेसेजमध्ये मी चुकीचा अर्थ लावला, त्यावर दहा-बारा ओळींची इमारत बांधली आणि पाठवून मोकळा झालो. एकदाही मनात आलं नाही, की या वाक्याचा दुसरा अर्थ असू शकतो.

कारण वाचताना आपल्याला आवाज ऐकू येतो. तो आपणच भरलेला असतो, पण तो समोरच्याचाच आहे असं वाटतं. लिहिणाऱ्याचंही तसंच. त्याच्या डोक्यात वाक्य सुरासकट वाजत असतं, म्हणून कागदावरही सूर उतरलाय असं त्याला वाटतं. २००५ साली जस्टिन क्रूगर, निकोलस एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजलं. काही वाक्यं गंभीरपणे, काही टोमण्याने, अशी लोकांना ईमेलने आणि आवाजात पाठवायला सांगितली. आपला रोख समोरच्याला ७८ टक्के वेळा कळेल, असा पाठवणाऱ्यांचा अंदाज होता, आवाजातही आणि ईमेलमध्येही. आवाजाच्या बाबतीत तो अंदाज फारसा चुकला नाही. ईमेलमध्ये मात्र रोख ५६ टक्के वेळाच ओळखता आला. नाणं उडवून ठरवलं असतं तरी ५० टक्के उत्तरं बरोबर आली असती. आणि वाचणाऱ्यांनाही आपण बरोबरच ओळखलंय अशी खात्री होती. दोन्हीकडे खात्री, म्हणून दोन्हीकडे कुणी विचारत नाही.

हे अनुभवायचं असेल तर एक खेळ करून बघा. मनात एखादं अगदी ओळखीचं गाणं म्हणा आणि फक्त त्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवा. समोरच्याला गाणं ओळखायला सांगा. एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० साली स्टॅनफर्डमध्ये हाच प्रयोग केला. निम्मी गाणी तरी ओळखली जातील असं वाजवणाऱ्यांना वाटत होतं. १२० गाण्यांपैकी तीन ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या कानात सगळा वाद्यवृंद असतो आणि ऐकणाऱ्यापर्यंत नुसती टकटक पोचते.

लोक या अडचणीवर फार पूर्वीपासून ठिगळं लावत आलेत. कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८२ साली संगणकावरच्या फलकावर एक विनोद रंगला होता : एका लिफ्टमध्ये पारा सांडलाय आणि ती दूषित झाली आहे. विनोद ज्यांना माहीत नव्हता त्यांना तो खराच इशारा वाटू शकत होता. म्हणून विनोदाला काहीतरी खूण असावी अशी चर्चा झाली आणि १९ सप्टेंबरला स्कॉट फाहलमन यांनी :-) ही खूण सुचवली. पुढे १९९९ साली शिगेताका कुरिता यांनी जपानमधल्या मोबाइल सेवेसाठी १७६ छोटी चित्रं काढली, प्रत्येक चित्र बारा बाय बारा ठिपक्यांचं. आजच्या इमोजींचे हे पूर्वज.

इमोजींनी पुष्कळ मदत केली यात शंका नाही. पण त्यांनाही ‘आँ?’ विचारता येत नाही. प्रत्येक कंपनी तोच इमोजी आपल्या पद्धतीने काढते, त्यामुळे एका फोनवर खुदकन हसणारा चेहरा दुसऱ्या फोनवर दात-ओठ खाल्ल्यासारखा दिसू शकतो. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली हे तपासलं. अगदी तेच चित्र दाखवलं तरी ते आनंदाचं, रागाचं की मधलंच, यावर सुमारे चौथाई वेळा लोकांचं एकमत होत नव्हतं.

पूर्णविरामाची गोष्टही अशीच. बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या एका अभ्यासात, त्याच सुमाराला, एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असला तर मोबाइलवर ते कमी मनापासूनचं वाटलं. तेच हाताने चिठ्ठीवर लिहिलं असताना तसा फरक पडला नाही. मोबाइलवर ओळ आपोआप संपते, पूर्णविरामाची गरज नसते. जे गरज नसताना टाकलं ते मुद्दाम टाकलं, असं वाचणारा धरतो. ‘बरं’ आणि ‘बरं.’ यांतला फरक तुम्हालाही जाणवत असेल. अडचण एवढीच, की ज्यांनी आयुष्यभर पत्रं लिहिली ते सवयीने पूर्णविराम देतात आणि धाकट्यांना वाटतं आपल्यावर दार आपटलं.

आपल्या भाषेजवळ मात्र यासाठी फार सुंदर साधनं आहेत : रे, गं, ना, की, हं, बरं का. ‘ये’ ही आज्ञा, ‘ये ना’ हे आर्जव, ‘ये की’ म्हणजे त्यात विचारायचं काय, ‘ये हं’ म्हणजे आठवण ठेव, आणि ‘येच’ म्हणजे कारणं नकोत. ज्या कामासाठी इतरांना चित्रं काढावी लागली ते आपण एका अक्षरात करतो. ताईच्या मेसेजमध्ये ‘गेला नाहीस ना अजून?’ असं काही असतं किंवा सरळ ‘जाऊन आलास का रे?’ असतं, तर तीन दिवस वाया गेले नसते.

पण लिहिताना आपण पहिल्यांदा हीच अक्षरं गाळतो. याचं एक कारण जुन्या एसएमएसमध्ये असावं असं मला वाटतं. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावत (एका बाइटमध्ये आठ बिट). रोमन अक्षरं सात बिटांत बसतात, म्हणून ती १६० मावत. देवनागरीला प्रत्येक चिन्हामागे सोळा बिट लागतात, म्हणून फक्त ७०. त्यातही मात्रा आणि हलन्त वेगळे मोजले जातात : ‘क्षि’ हे एक अक्षर चार चिन्हं खातं. अशा काटकसरीत ‘रे’ आणि ‘हं’ कोण ठेवणार? आता मर्यादा गेली, पण हात अजून आखडताच राहिला आहे.

एका मुद्द्यावर मला जरा रेंगाळायचं आहे. विज्ञान-तंत्रज्ञानावर मित्रांच्या गटांत वाद होतात ना, त्यांतले कितीतरी मुळात वादच नसतात. ‘मोबाइलमधून रेडिएशन येतं’ असं एकजण लिहितो. दुसरा लिहितो, ‘काहीही! अफवा पसरवू नका.’ पुढे चाळीस मेसेज. पहिल्याचं बरोबर आहे, कारण मोबाइलच्या रेडिओलहरी हे प्रारणच, म्हणजे बाहेर पसरणारी ऊर्जाच आहे, आणि तसं पाहिलं तर दिव्याचा उजेडही प्रारणच. दुसऱ्याचंही बरोबर आहे, कारण त्याच्या डोक्यात रेडिएशन म्हणजे अणुभट्टीतला किरणोत्सर्ग, आणि तो मोबाइलमधून येत नाही. रेडिओलहरींच्या एकेका कणात रासायनिक बंध तोडण्याइतकी ऊर्जा नसते, क्ष-किरणांच्या कणांत ती असते, आणि खरा फरक तिथे आहे. मराठीत प्रारण आणि किरणोत्सर्ग असे दोन वेगळे शब्द असून आपण दोन्हींना रेडिएशन म्हणतो. समोरासमोर असते तर तिसऱ्या सेकंदाला कुणीतरी म्हणालं असतं, ‘रेडिएशन म्हणजे कुठलं?’ आणि मग बोलण्यासारखं बोलणं झालं असतं. २०११ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात का टाकलं, त्या ‘कदाचित’चा अर्थ काय, असं. गटात ते होत नाही. तिथे प्रत्येकजण आपल्याला ऐकू आलेल्या वाक्याला उत्तर देतो.

नुसता आवाज परत आणून भागेल का? नाही, आणि माझं म्हणणं इथेच पक्कं होतं. व्हॉइस मेसेजमध्ये सूर असतो, श्वास असतो, हसू असतं. पण दुसऱ्या वाक्यात काही निसटलं तर पुढची चार मिनिटं बोलणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. फोनवरही आवाज थोडा उशिरा पोचायला लागला की गडबड होते. दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात. २०१४ सालच्या एका जर्मन अभ्यासात असं दिसलं, की उशीर यंत्रणेमुळे होत असूनही लोकांना समोरचा माणूसच लक्ष देत नाही असं वाटतं.

याचं सगळ्यात भीषण उदाहरण २७ मार्च १९७७ चं आहे. स्पेनच्या टेनेरीफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुकं होतं. धावपट्टीच्या एका टोकाला केएलएम या डच कंपनीचं जम्बो विमान उभं होतं आणि त्याच धावपट्टीवर पॅन अॅम या अमेरिकन कंपनीचं जम्बो अजून चालत होतं. केएलएमच्या वैमानिकाने रेडिओवर सांगितलं, की आम्ही टेकऑफला आहोत. याचा अर्थ ‘टेकऑफच्या जागी उभे आहोत’ असाही होतो आणि ‘टेकऑफ सुरू केलाय’ असाही. नियंत्रक आधी ‘ओके’ म्हणाला आणि मग म्हणाला, की थांबा, मी सांगतो. त्याच क्षणी पॅन अॅमचा वैमानिक घाईने सांगत होता, की आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. त्या रेडिओवर एका वेळी एकालाच बोलता येतं. दोन आवाज एकमेकांवर आदळले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये ‘ओके’नंतर मुख्यतः कर्कश शिट्टी पोचली. केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलंही, की तो पॅन अॅम अजून बाजूला झाला नाही का. कॅप्टन ठामपणे म्हणाला, झालाय की. ५८३ माणसं गेली.

तिथे आवाज होता, सूर होता, सगळे अनुभवी होते. ‘आँ?’ मात्र शिट्टीखाली दबला गेला, आणि जो एक उमटला तो खात्रीपुढे टिकला नाही. त्यानंतर विमानसेवेने जे बदल केले त्यांत नुसत्या ‘ओके’वर भागवायचं नाही हे पक्कं झालं. वैमानिकाने मिळालेली सूचना आपल्या तोंडाने परत म्हणून दाखवायची, आणि नियंत्रकाने ती ऐकून चूक असेल तर तिथेच दुरुस्त करायची. ‘टेकऑफ’ हा शब्दही प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं.

मी आता घरच्या मेसेजमध्येही हे करतो. ज्यात दिवस, वेळ, पैसे किंवा औषध आहे त्याला अंगठा पाठवत नाही. ‘म्हणजे शनिवारी सकाळी नऊला मी आईला घेऊन यायचं, बरोबर ना?’ असं परत लिहितो. आणि वाचून काही लागलं, की उत्तर लिहायच्या आधी ते वाक्य दोन वेगळ्या सुरांत मोठ्याने म्हणून बघतो. दोन्ही सूर बसले तर फोन करतो. ताईला पहिल्यांदा असं परत लिहून पाठवलं तेव्हा तिचं उत्तर आलं : ‘शनिवारी नाही रे, रविवारी!’